आधी बोर्ड वाच की!

माझ्या चुलतबहिणीला एसएसएलसीला बरे मार्क पडले म्हणून काकांनी फोन घेऊन दिला. पहिल्याच रविवारी ती माझ्याकडं आली. "ताई, इन्स्टावर कुणाला फॉलो करू गं? जरा चांगलं काय तर बघायला मिळंल असं सांग की." मी तोंडाला येतील ती चार नावं सांगितली आणि विसरून गेले. पंधरा दिवसांनी तिचा फोन हातात घेतला तर त्यात तलवारी, स्लो मोशनमधले झेंडे आणि गाडीत बसून ओरडणारा एक माणूस. तो बेळगावविषयी बोलत होता, आणि त्याच्या मागं खिडकीतून मुंबईचा समुद्र दिसत होता.

तिला हसायचा मला काही हक्क नाही. दोन वर्षांपूर्वी माझा फोन उघडला असता तर हेच दिसलं असतं. फोन आपण काय बघतो ते लक्षात ठेवतो आणि तेच पुन्हा वाढतो. आणि राग आला की माणूस थांबून बघतो, त्यामुळं रागच जास्त वाढला जातो. तिला तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं होतं, ते आता इथं देते. त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, नाहीतर हे सगळं उपदेशासारखं वाटेल.

२०२५चा फेब्रुवारी आठवत असेल. बसमध्ये भाषेवरून वाद झाला, वाहकाला मारहाण झाली, मग तिकडं चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं आणि दोन्हीकडच्या बस बंद पडल्या. त्या दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर व्हिडिओंचा पाऊस होता. मला एक व्हिडिओ आला. काचा फुटलेली बस, रस्त्यावर गर्दी, आणि वर लिहिलेलं, "आत्ताच, बेळगावजवळ." मी तो स्टेटसला टाकला. नुसता टाकला नाही, खाली लिहिलं, "हे कानडी गुंड." दोन आगीचे गोळे, एक भगवा झेंडा.

माझी आत्या गडहिंग्लजला असते. तिचा मुलगा बेळगावात डिप्लोमा करतो. बस बंद म्हणून तो त्या दिवशी वडापनं घरी निघाला होता आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. आत्यानं माझा स्टेटस बघितला. तिनं मला किती फोन केले ते मी रात्री मोजले, अकरा होते. मी लायब्ररीत होते, फोन सायलेंटवर. पोरगा संध्याकाळी धड घरी पोचला, पण तोवर आत्यानं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

दुसरा मेसेज माझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा होता. ती बैलहोंगलकडची, घरी कन्नड. आमचं आपसात बोलणं म्हणजे मराठी-कन्नड-हिंदीची भेळ असते. तिनं लिहिलं होतं, "बसचा बोर्ड वाचलीस काय? तेलुगू हाय ते."

मी व्हिडिओ पुन्हा उघडला. तेलुगूच होतं. मी शाळेत इतकी वर्षं कन्नड शिकले, परीक्षेत निबंध लिहिले. कन्नड अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असते, तेलुगूच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखा तुरा असतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. बस इथली नव्हतीच, आणि शोधल्यावर कळलं की व्हिडिओ काही वर्षांपूर्वीचा आहे. मी बोर्डाकडं बघितलंच नव्हतं. जे वर मराठीत लिहिलं होतं तेवढं वाचलं आणि विश्वास ठेवला.

तिचा दुसरा मेसेज होता, "तुझे स्टेटस आई पण बघते." तिच्या आईनं मला मागच्या श्रावणात बसवून तीन होळगी खायला घातल्या होत्या. वर तूप वाढताना "बेडा" म्हटलं तरी ऐकलं नव्हतं. आणि त्यांच्या फोनवर माझ्या नावाखाली "हे कानडी गुंड" असं सहा तास झळकत होतं.

राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीनं हे आधीच शिकायला हवं होतं, कारण उदाहरण घरातलंच होतं. २०२२च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, इकडं-तिकडं पडसाद उमटले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावलं. दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करायचं ठरलं, ते बऱ्याच जणांना आठवतं. पण त्याच दिवशी शहांनी पत्रकारांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. मोठ्या नेत्यांच्या नावानं खोटी ट्विटर खाती काढून त्यावरून भडकवणारा मजकूर पसरवला गेला, आणि त्याबद्दल गुन्हे दाखल करायचे. १९५६पासूनचा प्रश्न, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, आणि त्यावरच्या दिल्लीतल्या बैठकीत खोट्या ट्विटर खात्यांवर चर्चा करायची वेळ आली. ह्यावरून ही खाती काय करू शकतात ते समजून घ्या.

त्या रात्री मी एकेक करत साठच्या वर खाती अनफॉलो केली. करताना एक गोष्ट दिसली. "सीमाभाग" म्हणून सर्वात मोठ्यानं ओरडणारी कितीतरी खाती सीमाभागातली नव्हती. त्यांना आम्ही १ नोव्हेंबरला आठवतो, मग सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरलं की आठवतो. आमच्या शाळांत शिक्षक किती, सातबारा कुठल्या भाषेत मिळतो, ह्यावर त्यांची एक ओळ नव्हती. आणि भांडण पेटलं तर त्यांच्या गल्लीतली दुकानं बंद होत नाहीत. (त्यातल्याच एकानं मागं माझ्या एका रीलखाली लिहिलं होतं, "मुलगी असून 'मी जातो' काय म्हणतेस? मराठी शीक आधी." आमच्याकडं बायका "मी जातो, मी येतो" म्हणतात, कोल्हापुरातही म्हणतात. मराठीसाठी लढायचं म्हणतात आणि आमची मराठी ह्यांना चालत नाही.)

म्हणून मी एक साधी पट्टी लावली. ज्याच्यामुळं मला बोर्ड वाचावासा वाटतो, म्हणजे मूळ कागद, मूळ जागा, तारीख बघावीशी वाटते, तो माणूस राहील. जो मला बोर्ड वाचायच्या आधीच ओरडायला लावतो तो जाईल, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

आता नावं.

पहिलं नाव गणेश देवी. मूळचे भोरचे, बडोद्याला इंग्रजी शिकवलं, तिथं भाषा संशोधन केंद्र उभं केलं, तेजगढला आदिवासी अकादमी काढली. मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्हीत लिहितात. भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण त्यांच्या पुढाकारानं झालं, त्यात ७८० भाषांची नोंद आहे. आणि कलबुर्गींचा खून झाल्यावर ते धारवाडला राहायला गेले. बडोद्याच्या वाचकांना ते जवळचे वाटतील, आम्हाला तर धारवाड दीड-दोन तासांवर. त्यांची भाषणं यूट्यूबवर भरपूर आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर मी "भाषा" म्हटलं की फक्त दोनच धरत होते, मराठी आणि कन्नड. आमच्याच तालुक्यांत कोंकणी बोलणारी घरं आहेत, दख्खनी उर्दू आहे, लमाणी तांडे आहेत. त्यांच्यावर कुठली भाषा लादली जाते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. देवींना ऐकल्यावर पडला, आणि तो अडचणीचा आहे, कारण त्यात आपणही कधीकधी लादणाऱ्यांच्या बाजूला निघतो.

दुसरी जोडी इतिहासाची. अनिरुद्ध कणिसेट्टी आणि मनू पिल्लै. दोघंही इन्स्टाग्रामवर आहेत, दोघंही तरुण, दोघंही इंग्रजीत. कणिसेट्टीचं "लॉर्ड्स ऑफ द डेक्कन" २०२२मध्ये आलं, बदामीच्या चालुक्यांपासून पुढं. पिल्लै फर्ग्युसनला शिकला, त्याचं "रिबेल सुलतान्स" खिलजीपासून शिवाजी महाराजांपर्यंतच्या दख्खनवर आहे. आमच्या कट्ट्यावर "हा राजा आपला की त्यांचा" यावर तासन्‌तास जातात. राष्ट्रकूट घ्या. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट कृष्ण राजाच्या काळातलं, आणि त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या दरबारातला "कविराजमार्ग" हा कन्नडमधला उपलब्ध असलेला सर्वात जुना ग्रंथ. आता करा वाटणी! ह्या दोघांच्या पोस्ट वाचताना वाटणीचा प्रश्नच मागं पडतो आणि त्या काळी लोक कर कसा भरत होते, देवळाला पैसा कुठून येत होता, असलं काहीतरी वाचत बसते. कणिसेट्टीचं सगळंच पटतं असं नाही. त्याच्याशी भांडायला मी दोनदा लायब्ररीत गेले. त्यासाठी तर फॉलो करायचं.

तिसरं खातं माझ्या विषयातलं, म्हणून इथं जरा जास्त बोलते. गौतम भाटिया घटनेवर लिहितो. वकील आहे, आणि फावल्या वेळात विज्ञानकथाही लिहितो. एक्सवर त्याचे धागे असतात, ब्लॉग आहे. सोबत लाइव्ह लॉ आणि बार अँड बेंच ही दोन खाती ठेवा, आणि संसदेतल्या विधेयकांसाठी पीआरएस. हे का, तर आपल्या ग्रुपवर "कलम ३५० ब नुसार आपल्याला अमुक मिळालंच पाहिजे" असे मेसेज दर आठवड्याला फिरतात आणि कलम कुणी उघडून बघत नाही. ३५० अ म्हणतं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यानं पुरेशा सोयी द्यायचा प्रयत्न करावा. ३५० ब म्हणतं की भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी एक विशेष अधिकारी नेमावा, त्यानं चौकशी करावी आणि अहवाल द्यावा. त्या अधिकाऱ्याला कुणाला हुकूम द्यायचा अधिकार नाही, फक्त अहवाल. पण अहवाल संसदेपुढं ठेवावा लागतो. जिथं अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्यायच्या, हे ठरलेलं आहे, आणि ते होतंय का हे ह्या अहवालात लिहिलं जातं. म्हणजे अर्ज करताना कुणाकडं काय मागायचं हे बदलतं. अहवाल देणाऱ्याकडं हुकूम मागितला तर अर्ज वाया जातो.

अजून एक उदाहरण. ६ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटक सरकार आणि खासगी शाळांच्या खटल्यात निकाल दिला की मुलाची मातृभाषा कुठली हे पालक ठरवतील, आणि मातृभाषेतूनच शिकवा अशी सक्ती सरकार करू शकत नाही. हा निकाल आपल्या बाजूचा की विरुद्धचा? मी वर्गात हे विचारलं तेव्हा अर्धा तास वाद झाला. मातृभाषा सरकार ठरवणार नाही, हे आपल्याला बरं. पण सक्ती नाही म्हटल्यावर पालक पोरांना इंग्रजी शाळेत घालतात आणि मराठी शाळा ओस पडते, हेही आहेच. असा विचार करायला लावणारं रील मी अजून बघितलेलं नाही. भाटियाचं इंग्रजी जड आहे, हे कबूल. मी आठवड्याला एकच धागा वाचते, वहीत शब्द उतरवून घेते. २०२२च्या सप्टेंबरपासून घटनापीठाच्या सुनावण्या यूट्यूबवर थेट दिसतात. एकदा तासभर बसून बघा. सिनेमातलं कोर्ट डोक्यातून जाईल.

गोव्याकडं वळायचं तर राजेंद्र केरकर. सत्तरीतल्या केरीचे, म्हादई बचाव चळवळीतले, पर्यावरणावर आणि लोकसंस्कृतीवर मराठीत आणि इंग्रजीत सतत लिहितात. त्यांचं लिहिणं जिथं सापडेल तिथं वाचा. म्हादई आमच्या खानापूर तालुक्यातल्या जंगलात उगम पावते, गोव्यात जाऊन मांडवी होते, आणि कळसा-भांडुरा प्रकल्प तिचं पाणी मलप्रभेत वळवायचं म्हणतो. लवादाचा निकाल ऑगस्ट २०१८मध्ये आला, वाद अजून चालूच आहे. ह्यात कर्नाटकाची बाजू बोलते, गोव्याची बोलते. कणकुंबीच्या आसपासची मराठी बोलणारी गावं, ज्यांच्या जंगलातून कालवा खणला, त्यांच्याविषयी सीमाप्रश्नावर ओरडणारं एकही खातं बोलत नाही. केरकरांना वाचलं की नदी नकाशावरची रेघ राहत नाही. गोव्याचं रोजचं कळायला फ्रेडरिक नोरोन्हा, साळगावचे पत्रकार, "गोवा १५५६" नावानं पुस्तकं काढतात. मतं पटोत न पटोत, माहिती भरपूर वाटतात.

कन्नड बाजूनं दीपा भास्ती. बानू मुश्ताक यांच्या "हार्ट लॅम्प"चा इंग्रजी अनुवाद तिचा, २०२५मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, कन्नडमधल्या पुस्तकाला पहिल्यांदाच. अनुवाद करताना इंग्रजीलाही आपल्या बोलीचा हेल ठेवायचा, असं तिचं म्हणणं. "मी जातो" वरून शिव्या खाल्लेल्या मुलीला हे किती गोड लागलं असेल!

आता कुणीतरी म्हणणारच, आमच्या ग्रुपवर म्हणालेच, "कानडी लोकांना फॉलो करून त्यांचे फॉलोअर कशाला वाढवायचे? तू मवाळ झालीस." माझे आजोबा १९८६च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात होते. लाठी खाल्लेली होती, पाऊस आला की खांदा दुखायचा. ते रोज सकाळी मराठी पेपर वाचून झाला की शेजारच्या वाचनालयात जाऊन कन्नड पेपर वाचायचे, मोठ्यानं, अडखळत. विचारलं तर म्हणायचे, "त्यांचं काय म्हणणं हाय ते त्यांच्या तोंडून ऐकाय नको?" त्या पिढीला कुणी मवाळ म्हणून बघा.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे. माझ्या यादीत इंग्रजी फार आहे. मराठीत भाडिपा आहे, हसायला मिळतं, मी बघते. पण घटना, कागदपत्रं, पाणी, शाळा ह्या गोष्टी सोप्या मराठीत आणि खात्रीनं सांगणारी माणसं इन्स्टावर कमी आहेत. ज्यांना येतं ते लिहीत नाहीत आणि जे लिहितात त्यांना लाइक मोजायचे असतात. निवृत्त शिक्षक, वकील, समितीतली जुनी माणसं, ज्यांच्या कपाटात फायली आहेत, त्यांनी महिन्याला एक कागद फोटो काढून टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या तरी आमची पिढी फॉलो करेल. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या वाचकांनो, तुमच्याकडं असं कुणी असेल तर नाव सांगा.

खऱ्या-खोट्याची खात्री करायला अल्ट न्यूज आणि फॅक्ट क्रेसेंडो मराठी. ही रोज वाचायची खाती नव्हेत, पण भांडणाच्या आठवड्यात आधी तिथं बघायचं. आणि एक युक्ती. इन्स्टावर वरच्या नावावर बोट ठेवलं की "फॉलोइंग" येतं, एक्सवर तसाच कप्पा आहे. तिथं फक्त तुम्ही निवडलेली माणसं दिसतात, तलवारीवाले आपोआप घुसत नाहीत. बहिणीला मी हे पहिल्यांदा करून दिलं.

तिनं स्वतःही दोन खाती शोधली. एक खानापूरचा पोरगा नुसते पक्षी टाकतो, बाकी काही बोलत नाही. दुसरं मी तिला दिलेलं, पण तिनं मनापासून धरलं, ते म्हणजे पारी, पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं संग्रहालय. त्यांचे लेख मराठीतही असतात, विणकरांचे, सनया करणाऱ्यांचे, ऊसतोडणीचे. आणि तिथं जात्यावरच्या ओव्या आहेत, एक लाखाहून जास्त, हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांनी गावोगाव फिरून बायांकडून गोळा केलेल्या. बऱ्याच ओव्या त्या बायांच्या आवाजात ऐकायला मिळतात.

मागच्या आठवड्यात मी त्यातली एक स्टेटसला ठेवली. सांगायचं राहिलं, फेब्रुवारीतल्या त्या दिवसानंतर मी मैत्रिणीच्या आईला फोन करून माफी मागितली होती. त्या "इरली बिडु, असू दे" म्हणाल्या होत्या आणि विषय संपला होता. पण तेव्हापासून त्यांचं नाव माझे स्टेटस बघणाऱ्यांत दिसत नव्हतं. ओवी ठेवली त्या रात्री दिसलं. थोड्या वेळानं त्यांचा एक आवाजी मेसेज आला, चाळीस सेकंदांचा. त्यांच्या आईचं दळतानाचं कन्नड पद, बीसुव पद म्हणतात त्याला. माझं शाळेतलं कन्नड निम्म्यावर संपलं. उरलेलं मैत्रिणीकडून वहीत लिहून घेतलंय, दोन शब्द तिलाही येत नाहीत.